रयतेनं आधीच भरलेले पैसे

सातारा जिल्ह्यात माण-खटावच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या कुठल्याही प्राथमिक शाळेत जा आणि वर्गातल्या पंख्याकडे बघा. पात्यांवर रंगानं नाव घातलेलं असतं. अमक्याच्या स्मरणार्थ, तमक्याकडून सप्रेम भेट. तशीच नावं स्टीलच्या कपाटावर, पाण्याच्या टाकीवर, बाकांच्या पाठीवर, फाटकाच्या कमानीवर. काही मुंबईत माथाडीत राबणाऱ्या माणसांची, काही सैन्यातून निवृत्त होऊन गावी परतलेल्यांची, कुठे एखाद्या सालची सातवीची अख्खी तुकडी. यात्रा पार पडली, हिशेब होऊन चार पैसे उरले, की यात्रा कमिटी ते शाळेला देऊन टाकते. आमच्याकडे एका आजींनी नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला गावजेवण घातलं नाही. त्या पैशांतून शाळेला पाणी शुद्ध करायचं यंत्र घेऊन दिलं. त्या स्वतः कधी शाळेची पायरी चढलेल्या नव्हत्या.

मी एका पतसंस्थेत हिशेब बघते. मुलगी गावच्याच शाळेत आहे, म्हणून पालक या नात्यानं शाळा व्यवस्थापन समितीवर आले, आणि आकडेमोडीची सवय म्हणून लोकवर्गणीची वही माझ्याकडे सोपवली गेली. जमेची बाजू वाचताना ऊर भरून येतो. इतकी गरीब माणसं इतकं देतात. खर्चाची बाजू वाचायला लागलं की मात्र मन अस्वस्थ होतं. थकलेलं वीजबिल. मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार. पावसाळ्याआधी बदललेले पत्रे. टाकीचे नळ. झाडलोट करणाऱ्या मावशींचे महिन्याचे पैसे, कारण प्राथमिक शाळेला शिपाई नसतो. प्रिंटरची शाई, कारण शाळेकडून मागवल्या जाणाऱ्या माहितीला अंत नसतो.

यात चैनीचं काय आहे? माझे वडील याच तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. त्यांच्या काळीही गाव शाळेला द्यायचंच. पण ते असायचं गॅदरिंगच्या मंडपासाठी, सहलीच्या एसटीसाठी, शर्यतीत पहिल्या आलेल्या पोराच्या बक्षिसासाठी. शाळेनं शाळा असण्यासाठी जे लागतं, म्हणजे छप्पर, पाणी, दार, उजेड, ते सरकारनं द्यायचं आणि त्याच्या वर जे शोभेचं आणि हौसेचं ते गावानं, अशी एक न लिहिलेली वाटणी होती. ती कधी मोडली, नेमकं सांगता येणार नाही. मोडली आहे हे वहीच्या पानापानावर दिसतं.

सरकार काहीच देत नाही असं मी म्हणत नाहीये. समग्र शिक्षा ही केंद्र आणि राज्याची मिळून योजना २०१८ पासून चालू आहे, त्यातून शाळेला दरवर्षी संयुक्त शाळा अनुदान मिळतं. किती, ते पटावर ठरतं. पट तीसच्या आत असेल तर वर्षाला १०,००० रुपये. तीसच्या वर शंभरपर्यंत २५,०००. शंभरच्या पुढे अडीचशेपर्यंत ५०,०००. आमच्यासारख्या दुशिक्षकी शाळा बहुतेक पहिल्या दोन पायऱ्यांवर असतात. त्यातला दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा असा निकष आहे. उरलेल्यात खडू, हजेरीपत्रकं, वीज, इंटरनेट, किरकोळ दुरुस्ती, प्रयोगाचं साहित्य, सगळं. दहा हजारांचे महिन्याला आठशे तेहतीस रुपये होतात. आठशे तेहतीस रुपयांत महिनाभर घराचं वीज-पाणी तरी भागतं का, हे कुठल्याही गृहिणीला विचारावं. इथे तर तीस मुलं दिवसभर असतात.

शिवाय पट कमी म्हणून खर्च त्याच प्रमाणात कमी होत नाही. पावसाचं पाणी पंचवीस मुलांच्या छपरावर जेवढं पडतं तेवढंच नव्वद मुलांच्या छपरावर पडतं. इमारत एक, टाकी एक, मीटर एक. पटावर अनुदान बांधलं की छोट्या शाळेची पडझड आधी होते, पडझड दिसली की पालक मूल काढून घेतात, मूल गेलं की पट आणखी खाली येतो, आणि पट खाली आला म्हणून पुढच्या वर्षी हातात आणखी कमी येतं. हे चक्र मी डोळ्यांनी बघितलं आहे. आमच्या शेजारची एक वाडी त्यात पार अडकली.

रक्कम हा एक भाग, ती कधी पोचते हा दुसरा. २०२१ पासून या योजनेचे पैसे शाळेच्या खात्यात पूर्वीसारखे येऊन पडत नाहीत. खातं शून्य शिल्लकीचं असतं आणि वरून तेवढ्या खर्चाची मर्यादा उघडून दिली जाते. पैसे बँकेत पडून राहू नयेत, हा त्यामागचा हेतू मला हिशेबनीस म्हणून पटतो. पण ती मर्यादा शाळा जूनमध्ये उघडते तेव्हा उघडली तर उपयोग. ती जर वर्ष सरताना, परीक्षेच्या तोंडावर उघडली आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा असेल, तर मुख्याध्यापकांना जूनमधलं गळतं छप्पर मार्चमध्ये दुरुस्त करावं लागतं. मधल्या महिन्यांत काय करायचं? उधारी, गुरुजींचा स्वतःचा खिसा, नाहीतर माझ्याकडची वही. आमच्या शाळेतल्या बाईंनी पदरमोड करून आणलेल्या वस्तूंची पावती मी मागायला लागले तेव्हा त्या संकोचल्या. त्यांना ती नोंद नको होती. मी आग्रहानं लिहिली.

पोषण आहाराचंही तसंच. दुपारचं जेवण १९९५ च्या १५ ऑगस्टला केंद्रानं सुरू केलं. शिजवलेलं गरम अन्नच द्यायचं, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला तो २८ नोव्हेंबर २००१ ला. भारतातल्या सरकारी खर्चात यापेक्षा चांगला खर्च मला तरी माहीत नाही. मेंढरं घेऊन आई-बाप लांब गेलेत आणि आजीपाशी राहिलेलं पोर एक वेळ पोटभर जेवतंय, हे रोज बघायला मिळतं. तांदूळ केंद्राकडून येतो. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम, पुढे १५० ग्रॅम. डाळ, तेल, मसाला, भाजी, इंधन या सगळ्याचा दर मे २०२५ पासून पहिली ते पाचवीसाठी ६ रुपये ७८ पैसे आणि सहावी ते आठवीसाठी १० रुपये १७ पैसे झाला. पावणेसात रुपयांत डाळ, तेल आणि ५० ग्रॅम भाजी बसवून चुलीखालचं सरपण किंवा गॅसही भागवायचा. स्वयंपाक करणाऱ्या ताईंच्या मानधनाचा केंद्राचा निकष २००९ मध्ये महिना १,००० रुपये ठरला, तोही वर्षातले दहाच महिने. राज्य त्यात आपली भर घालतं. पण हजार रुपयांचा तो आकडा तेव्हापासून जागचा हललेला नाही. आणि ताई सकाळी मुलांच्या आधी येतात आणि भांडी घासून सगळ्यांच्या मागून जातात.

महाराष्ट्रानं २०२३ च्या शेवटी आठवड्यातून एक अंडं किंवा केळं द्यायला सुरुवात केली होती. जानेवारी २०२५ मध्ये शासन निर्णय निघाला आणि अंड्यांचा निधी थांबला. अंडा पुलाव आणि गोड पदार्थ ऐच्छिक ठरले, त्यांचा खर्च लोकसहभागातून भागवावा असं ठरलं. म्हणजे मुलाच्या ताटातलं अंडंही आता माझ्या वहीत आलं. आम्ही ते चालू ठेवलं, वाढदिवस असेल त्या घरानं त्या आठवड्याची अंडी द्यायची असं ठरवून. पण ज्या वस्तीवर वाढदिवसाला अंडी देऊ शकतील अशी घरंच नाहीत, तिथल्या मुलानं काय करायचं? जिथे लोक मुळात गरीब तिथे वर्गणीही तोकडीच जमते, आणि गरज तर तिथेच सगळ्यात जास्त. वर्गणीवर शाळा चालवली की तालुक्याच्या जवळचं, ऊसपट्ट्यातलं, मुंबईला माणसं असलेलं गाव तरून जातं आणि डोंगरावरची वस्ती मागे पडते. एका गावाचं जादाचं दुसऱ्या गावाकडे नेण्याची सोय वर्गणीत नसते. ती करात असते, आणि करच घ्यायचे ते त्यासाठी.

या साऱ्या विचारात मला पुन्हापुन्हा आठवण होते ती जोतीराव फुल्यांच्या एका निवेदनाची. १८८२ मध्ये हंटर आयोग शिक्षणाची पाहणी करत होता. १९ ऑक्टोबरच्या तारखेचं आपलं निवेदन जोतीरावांनी त्याच्यापुढे ठेवलं. ते मी वडिलांच्या कपाटातल्या पुस्तकात पहिल्यांदा वाचलं. मी ते एका समाजसुधारकाचं भाषण समजून वाचायला घेतलं, आणि निघाला तो चोख हिशेब. जोतीराव आधी जमेची बाजू मांडतात. सरकारच्या तिजोरीतला मोठा भाग रयतेच्या घामातून येतो, वरच्या श्रीमंत वर्गाकडून जवळजवळ काहीच येत नाही. मग खर्चाची. सरकार उच्चशिक्षणावर सढळ हातानं खर्च करतं, रयतेच्या प्राथमिक शिक्षणाची मात्र हेळसांड चालली आहे. मुंबई इलाख्यातल्या दहातल्या नऊ खेड्यांत, म्हणजे सुमारे दहा लाख मुलांसाठी, प्राथमिक शिक्षणाची काहीच सोय नाही असं सांगितलं जातं, हेही ते नोंदवतात. मागणी काय? निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. आणि लोकल फंडाचा जो हिस्सा शिक्षणासाठी काढून ठेवला आहे तो पुरता प्राथमिक शाळांवरच खर्च करा.

हा लोकल फंड म्हणजे काय ते सांगायला हवं. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात जमीन महसुलाच्या रुपयामागे एक आणा जादा घ्यायला सुरुवात झाली, रस्ते आणि शाळा यांच्या नावानं. त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणाचा. म्हणजे ज्या शेतकऱ्याचं पोर शाळेत गेलं नव्हतं, ज्याच्या गावात शाळाच नव्हती, तो शाळेचा पैसा भरत होता. जोतीराव सरकारकडे दान मागत नव्हते. जमा झालेल्या पैशाचा खर्च ज्याच्या नावावर जमा झाला त्याच्यावर दाखवा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आमच्या पतसंस्थेत एका खात्याचे पैसे दुसरीकडे वळवले तर लेखापरीक्षक काय म्हणेल ते मला ठाऊक आहे. त्यामुळे हे निवेदन मला फार जवळचं वाटतं.

त्याच निवेदनात शिक्षकांच्या पगाराचीही गोष्ट आहे, आणि आजच्या वादात ती कुणाला आठवत नाही. प्रशिक्षित शिक्षकाला महिना निदान १२ रुपये द्यावेत, मोठ्या गावात १५ ते २०, असं जोतीराव म्हणतात. शिक्षक शेतकरी-कारागिरांतले असावेत, नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हातात धरायला लाज न वाटणारे. त्यांना मानानं जगता येईल असा पगार असावा. आज सरकारी शाळांवरचा खर्च हा विषय निघाला की पहिलं वाक्य ऐकू येतं, ‘सगळा पैसा मास्तरांच्या पगारात जातो.’ जातोच. राज्याच्या शालेय शिक्षणाच्या खर्चातला फार मोठा वाटा पगार आणि निवृत्तिवेतन यांचा असतो. पण प्राथमिक शाळा म्हणजे दुसरं आहे तरी काय? मुलाच्या शेजारी बसून त्याला वाचायला शिकवणारं शहाणं माणूस. तो खर्च वजा करून शिक्षणावर किती उरलं असं विचारणं मला पटत नाही. पगार जास्त आहेत ही अडचण नाही. पगार देऊन झाल्यावर खडू, पाणी आणि दुरुस्तीसाठी पैसेच ठेवलेले नसतात, ही अडचण आहे. आणि पगार वाचवायचे प्रयोगही आपण केलेच आहेत. या राज्यात नवा शिक्षक पहिली तीन वर्षं ‘शिक्षणसेवक’ असतो. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला वर्षानुवर्षं महिना ६,००० रुपये मिळत होते. २०२३ मध्ये ते १६,००० झाले. सहा हजारांत घरापासून दोन-तीनशे किलोमीटरवर खोली घेऊन राहिलेली तरुण मुलं-मुली आमच्या शाळेनं बघितली आहेत. त्यातल्या एकीनं माझ्या मुलीला अक्षरं शिकवली. तिच्याबद्दलची माझी कृतज्ञता कुठल्या खर्चाच्या शीर्षाखाली टाकू?

जोतीरावांनंतर तीस वर्षांनी हाच हिशेब गोखल्यांनी मांडला, वेगळ्या घरातून, वेगळ्या भाषेत. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मार्च १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक केंद्रीय कायदेमंडळात आणलं. आज वाचलं तर ते किती बेतानं लिहिलेलं होतं याचं नवल वाटतं. सक्ती सहा ते दहा वयाच्या मुलांपुरतीच, तीही जिथली स्थानिक संस्था मागेल तिथे. खर्चाचे दोन भाग सरकारनं उचलावेत, एक भाग स्थानिक संस्थेनं, त्यासाठी तिला कर बसवायची मुभा असावी. इतकं नेमस्त विधेयकही मार्च १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. ते पडणार हे गोखल्यांना आधीच दिसत होतं. आमच्या पिढीच्या वाट्याला अपयशातूनच देशाची सेवा करणं आलं आहे, अशा अर्थाचं ते त्या वेळी बोलले.

सरकारचं मुख्य म्हणणं पैसे नाहीत आणि लोकांची तशी मागणी नाही, हे होतं. पण पैसे नसतात की काढायचे नसतात, याचा निकाल शेजारी लागलेला होता. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण करून बघितलं आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात लागू केलं. गोखले बडोद्याचाच दाखला देत होते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये तोच हुकूम काढला आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. तेव्हाचा रुपया लहान नव्हता. साम्राज्याच्या तिजोरीपुढे कोल्हापूर संस्थानाची तिजोरी ती केवढी! तरी तिथे झालं आणि कलकत्त्यात, जिथे तेव्हा साम्राज्याचं कायदेमंडळ बसायचं, तिथे झालं नाही. महाराजांनी आधी शाळा काढायचं ठरवलं आणि मग पैसे कुठून आणायचे ते बघितलं. सगळ्या इतिहासात मला हाच एक फरक निर्णायक दिसतो.

स्वतंत्र भारतात आपण आकडा ठरवला. कोठारी आयोगानं १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च व्हावा असं सुचवलं. १९६८ च्या धोरणात तो आला, १९८६ च्या धोरणात आला, २०२० च्या धोरणात पुन्हा आला. २०२० च्या दस्तऐवजातच २०१७–१८ चा केंद्र-राज्यांचा मिळून खर्च ४.४३ टक्के असल्याचं लिहिलं आहे. मोजायची पद्धत बदलली की हा आकडा तीनच्या खालीही येतो. मला या टक्क्यांच्या वादात फार रस नाही. साठ वर्षांत कुठल्याही पक्षाच्या सरकारला तो गाठता आलेला नाही, एवढं पुरे.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो उपकर. २००४ मध्ये केंद्रानं करांवर २ टक्के शिक्षण उपकर बसवला, प्राथमिक शिक्षणासाठी. २००७ मध्ये माध्यमिक आणि उच्चशिक्षणासाठी आणखी १ टक्का. २०१८ पासून आरोग्य धरून ४ टक्के. प्राप्तिकर भरणाऱ्या प्रत्येकाच्या विवरणात हा रकाना असतो. शहरातल्या मालमत्ता कराच्या बिलावर ‘राज्य शिक्षण कर’ असाही रकाना असतो, तो १९६२ च्या राज्याच्या कायद्यानं आला. म्हणजे लोकल फंडापासून आजपर्यंत शाळेच्या नावानं वेगळा पैसा घेणं कधी थांबलेलं नाही. तो जातो कुठे? प्राथमिकच्या उपकरासाठी वेगळा कोश झाला. पण माध्यमिक आणि उच्चशिक्षणाच्या उपकराचे २००६–०७ ते २०१६–१७ या काळात जमलेले ८३,४९७ कोटी रुपये कुठल्याही स्वतंत्र निधीत वळते केलेच गेले नाहीत, असं खुद्द नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांनी नोंदवलं. शिवाय उपकराची गंमत नव्हे, गोम अशी, की इतर केंद्रीय करांतला वाटा राज्यांना मिळतो, उपकरातला मिळत नाही. शाळा आहेत राज्याच्या आणि जिल्हा परिषदांच्या, पगारही बहुतेक राज्य देतं, आणि शाळेच्या नावानं घेतलेला हा पैसा दिल्लीत राहतो. तो योजनांच्या वाटेनं परत येतो, ६० टक्के केंद्र, ४० टक्के राज्य अशा अटीवर. त्या वाटेवर इतके टप्पे आहेत की आमच्या वाडीपर्यंत पोचताना वर्ष सरलेलं असतं.

मग कमी पटाच्या शाळा परवडत नाहीत, हे म्हणणं पुढे येतं. वीसच्या आत पट असलेल्या अशा सुमारे १४,८०० सरकारी शाळा राज्यात असल्याचं २०२३ मध्ये सांगितलं गेलं, आणि त्या एकत्र करून समूह शाळा करायची कल्पना मांडली गेली. पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं दिली गेली. मोठी शाळा, जास्त शिक्षक, खेळायला सवंगडी, प्रयोगशाळा, हे सगळं मलाही हवंसं वाटतं. पण आमच्या भागात एका वाडीहून दुसऱ्या वाडीला जायचा रस्ता म्हणजे ओढा, माळ आणि एक वळण. पहिलीतली सहा वर्षांची मुलगी तिथून एकटी जाणार नाही. गाडी लावू म्हणतात. गाडीचे पैसे ज्या महिन्यात आले नाहीत त्या महिन्यात मुलगी घरीच राहील, आणि दोनदा तसं झालं की धाकट्या भावाला सांभाळायला कायमचीच. एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा, हा नियम शिक्षणहक्काच्या कायद्यानंतर कुणी उगाच केलेला नाही.

पालक मुलं काढून घेतात याचा मला राग येत नाही. सकाळी पिवळी गाडी येते, गळ्यात टाय बांधलेली चिमुरडी तिच्यात चढतात. त्यांच्या आया खुरपायला जाऊन, शेळी विकून फी भरतात. ती माउली तीनदा शाळेचा पैसा भरते. एकदा काड्यापेटीपासून डिझेलपर्यंत प्रत्येक वस्तूवरच्या करातून, एकदा खासगी शाळेच्या फीतून, आणि एकदा गावच्या शाळेच्या वर्गणीतून, कारण गावाची शाळा मोडू नये असं तिलाही वाटतं. सरकारी शाळा मोफत आहे, असं तिला कुणी सांगू नये.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्यानं शाळा दत्तक घ्यायची योजना आणली. कंपन्यांनी, संस्थांनी ठरावीक वर्षांसाठी सरकारी शाळेला मदत करायची, आणि हवं असेल तर देणगीदारानं सुचवलेलं नाव त्या मुदतीपुरतं शाळेच्या नावाला जोडायचं. मदत घ्यायला माझी ना नाही. चांगल्या मनाची माणसं सगळीकडे असतात. पण दत्तक ज्याचे आई-बाप नाहीत त्याला देतात. आमच्या शाळेला आई-बाप आहेत. त्यांनी १९६२ मध्ये जिल्हा परिषद स्थापन झाल्यापासून, आणि त्याच्या आधीपासून, या शाळेसाठी महसूल भरला आहे, कर भरला आहे, श्रमदानानं भिंती बांधल्या आहेत.

या वर्षी समितीत मी एक प्रस्ताव मांडला आणि तो सगळ्यांनी मान्य केला. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २२ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीनं शाळा विकास आराखडा करायचा असतो, आणि सरकारनं द्यायच्या अनुदानाचा आधार हाच आराखडा असेल असं त्या कलमात लिहिलेलं आहे. एरवी तो छापील नमुना भरून दिला जातो. आम्ही तो नीट बसून लिहिला. गेल्या काही वर्षांत लोकवर्गणीतून जो जो खर्च झाला त्यातली, कायद्यानं सरकारकडे असलेली प्रत्येक बाब वेगळी काढली, तिच्यापुढे रक्कम घातली आणि बाईंनी पदरमोड करून आणलेलंही त्यात धरलं. पहिल्या क्रमांकावर वीजबिल आहे, मग मुलींचं स्वच्छतागृह, मग झाडलोटीचं मानधन, मग संरक्षक भिंत. अंड्यांना आम्ही वेगळा क्रमांक दिला आहे. ग्रामसभेत आराखडा मोठ्यानं वाचला, ठराव झाला. गटशिक्षण कार्यालयात एक प्रत देऊन पोच घेतली आहे. शेजारच्या वाड्यांच्या समित्यांनी नमुना मागितला, त्यांना दिला. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर ‘शाळा विकास आराखड्यावर शासनाकडून आलेलं उत्तर’ हा विषय सरपंचांनी आत्ताच लिहून घेतला आहे.